पार्सलचं ताट

सकाळी सात वाजले की शेजारच्या वाडीतून आवाज यायचा. स्टँडवरच्या भोंग्यातून यावा तसा, नाकातून आणि शब्द तोडून तोडून. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. ओटी ते परस, पार्सल एक्स्प्रेस, फलाट क्रमांक एकवर लागत आहे. प्रवाशांनी आधी ताट साफ करावे, मगच सुईसाठी पाठ पुढे करावी." मग परसात ताटली खणखणायची, थोडा वेळ शांतता, आणि शेवटी मोठ्यांदा, "शाब्बास रे पठ्ठ्या! गाडी वेळेवर सुटली!" आमच्याकडे नवा पाहुणा आलेला असेल तर तो चहाचा कप हातात धरून विचारायचा, "शेजारी कोण वेडे राहतात का?" मी म्हणायचे, "राहतात. एक वेडा आणि एक कुत्रा. त्यातला कुत्रा शहाणा आहे."

वेडे म्हणजे अण्णा. मुरूडच्या स्टँडवर ते कंट्रोलर होते. काशीदपासून मुरूडपर्यंतच्या पट्ट्यातल्या माणसांना त्यांचा चेहरा माहीत नसेल, पण आवाज माहीत होता. बोलणं तिरसट. कुणी विचारलं, "अण्णा, आगरदांड्याची गाडी गेली का हो?" तर म्हणणार, "गेली. तुमची वाट बघून बघून रडत गेली." वेळ चुकलेल्या माणसाची त्यांना दया म्हणून येत नसे. "गाडी कुणाच्या बापाची नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. लग्नाच्या मुहूर्तावर अक्षता उशिरा पडल्या म्हणून सख्ख्या मेहुणीच्या लग्नातून न जेवता उठून आलेला माणूस. मी शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून मला ते बाई म्हणायचे, आणि शाळेची घंटा दोन मिनिटं मागे आहे हे मला दर आठवड्याला ऐकवायचे.

पार्सल त्यांना स्टँडवरच मिळाला. पालीहून आलेल्या गाडीत शेवटच्या सीटखाली एक झाकलेली करंडी राहिली होती. आत फडक्यात गुंडाळलेलं पिल्लू. बेवारस सामान मालक येईपर्यंत जपून ठेवायचं, ही अण्णांची शिस्त. त्यांनी पिल्लाच्या गळ्यात सुतळीने ‘पार्सल’ लिहिलेली चिठ्ठी बांधली आणि टेबलाखाली ठेवलं. मालक काही आला नाही. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी दिलेला नारळ एका हातात आणि करंडी दुसऱ्या हातात घेऊन अण्णा घरी आले. शालनकाकू, म्हणजे त्यांची बायको, दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. तो तुकडा नवऱ्यावरून ओवाळायच्या आधी पिल्लानेच खाल्ला. काकू हसून हसून ओटीवर बसल्या. मूलबाळ नव्हतं त्यांना. त्या दिवसापासून त्या घरात दूध एकाऐवजी दोन लिटर यायला लागलं.

काकू अचानक गेल्या. रात्री झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्यानंतर अण्णांचं बोलणं जे आटलं ते पार्सलपुरतंच उरलं. त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्या थोरल्या भावाची बायको राहायची, माईवहिनी. भाऊ कधीच वारलेले. माईंचा मुलगा नितीन सुपारीची बाग बघायचा आणि परसातल्या दोन खोल्या शनिवार-रविवारी पर्यटकांना द्यायचा. माई वाईट बाई नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही तिला वाईट म्हणाल, आणि मग मला तिची बाजू घ्यावी लागेल. ते मला नकोय.

पार्सल पाणी फार प्यायला लागला. माईंच्या गाईची पाण्याची दोण चाटून कोरडी करायचा आणि ओटीवरच मुतायचा. खाणं दुप्पट आणि फासळ्या मोजून घ्याव्यात. माई म्हणाल्या, "म्हातारा झालाय, चालायचंच." अण्णांच्या डोळ्यांना मात्र दुसरंच दिसलं. पार्सल मुतला की त्या जागी थोड्या वेळाने मुंग्यांची रांग लागायची. अण्णा उकिडवे बसून ती रांग बघत राहिले आणि मला हाक मारली, "बाई, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? मुंग्या कशाला येतात?" मी म्हटलं, "गोडाला."

अलिबागला कुत्र्यामांजरांची डॉक्टरीण होती. तिच्याकडे ते पार्सलला एसटीनेच घेऊन गेले, मांडीवर. कंडक्टर पोरगेलासा होता, कुत्रं चालणार नाही म्हणाला. अण्णा म्हणाले, "मला नियम शिकवतोस? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी गाड्या सोडतोय. फाड हाफ तिकीट." त्याने फाडलं. डॉक्टरणीने रक्त तपासलं आणि सांगितलं, मधुमेह. माणसाला असतो तोच. रोज दोन वेळा इन्सुलिन, ठरल्या वेळी ठरलेलं खाणं, गोड बंद. आणि बजावलं की पोटात अन्न नसेल तर सुई द्यायचीच नाही, दिलीत तर रक्तातली साखर इतकी उतरेल की जीव जाईल. कधी थरथरला, झोकांड्या खायला लागला, तर लगेच हिरड्यांना साखर नाहीतर मध चोळायचा.

अण्णांनी त्या दिवशीच त्याचं वाक्य करून टाकलं. "आधी ताट, मग सुई. गाडी हलायला लागली की साखर." वाडीत जो भेटेल त्याला ते ऐकवायचे. माईंना तर रोज. माईंना स्वतःलाच मधुमेह. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "कुत्र्याला शुगर! उद्या मांजराला बीपी म्हणाल, भाऊजी. मला बघा, गोळी घेते आणि जिलबीही खाते. गोळी बघून घेते काय ते. आणि काय हो, काल म्हणालात गोड अजिबात नको, आज म्हणता साखर चोळा. एकदा काय ते ठरवा." अण्णा कपाळावर हात मारायचे.

सुई टोचायला ते पपईवर शिकले. कच्च्या पपईला टोचून टोचून चाळण केली. पण पहिल्या दिवशी पार्सलच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि त्यांचा हात असा काही लटपटायला लागला की मला कुंपणावरून उडी मारून जावं लागलं. दोन वेळा सुई खाली पडली. तिसऱ्यांदा टोचली आणि हा जन्माचा तिरसट माणूस घळाघळा रडायला लागला. "बाई, हा माझ्याकडे बघतो हो टोचताना. पळत नाही, गुरगुरत नाही, नुसता बघतो. पळावं तरी त्याने." ती भोंग्याची घोषणा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. माझ्या मते ती पार्सलसाठी नव्हतीच. स्वतःचा हात स्थिर राहावा म्हणून होती.

औषध सांभाळलं एक वेळ, माणसं सांभाळता आली नाहीत. आमच्याकडे लोक धर्मिष्ठ फार. गुरुवार आला की दत्ताचं कुत्रं म्हणून कुणीतरी पार्सलला पेढा घालायचं. सत्यनारायण झाला की शिरा. नितीनच्या खोल्यांतले मुंबईकर बिस्किटांचे पुडेच्या पुडे. अण्णा धावून जायचे. "अहो, प्रसादाने काय होतंय?" असं कुणी म्हटलं की ओरडायचे, "प्रसादाने आंधळा होतोय! हा बघा!" आणि खरंच, पार्सलच्या एका डोळ्यावर दुधी साय धरली होती. शेवटी त्यांनी पत्र्याचा तुकडा कापला, त्यावर एसटीच्या पाटीसारख्या अक्षरांत ‘विनाथांबा’ असं रंगवलं आणि त्याच्या गळ्यात अडकवलं. लोक हसले, पण वाडीत एवढं तरी पाठ झालं की ह्या कुत्र्याला गोड द्यायचं नाही आणि ह्याची सातची वेळ चुकवायची नाही.

माणसं नव्हतीच असं नाही. वादळात चार दिवस वीज गेली, इन्सुलिन ठेवायचा फ्रीज बंद पडला, तेव्हा मासळी विकणारी नर्मदा टोपलीतला बर्फ फडक्यात बांधून आणून द्यायची. "अन्ना, माज्या म्हावऱ्याला बरफ कमी परला तरी चालंल. पार्सलच्या दवाईला घ्या." पार्सलचं जेवणही तिच्याकडूनच. उकडलेली मासळी, दुधी आणि मूठभर नाचणीची भाकरी कुस्करून. ते अण्णा परसातल्या वेगळ्या चुलीवर शिजवायचे, कारण माईंच्या स्वयंपाकघरात मासळी चालत नसे. सहा-सात महिन्यांत पार्सलच्या फासळ्या झाकल्या. तो पुन्हा माझ्या सायकलमागे फाट्यापर्यंत धावायला लागला. डॉक्टरीण म्हणाली, "अण्णा, माणसंही एवढी वेळ पाळत नाहीत." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी म्हटलं, "पाटी करून तुमच्याच गळ्यात घाला."

आणि पितृपंधरवडा आला. अविधवा नवमी, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध. शालनकाकूंचं पान. त्याच्या आदल्याच दिवशी अण्णांचा हर्निया अडकला. वेदनांनी वाकडे झाले होते, नितीनने गाडी काढून अलिबागच्या हॉस्पिटलात नेलं, संध्याकाळी ऑपरेशन. जाताना गाडीच्या खिडकीतून त्यांनी डोकं बाहेर काढलं. बायकोच्या श्राद्धाबद्दल चकार शब्द नाही. "नितीन, माईवहिनी, सातची वेळ चुकवू नका. आधी ताट, मग सुई!" दोघांनीही मान डोलावली; सुई टोचायला नितीन अण्णांकडूनच शिकला होता. मीही तिथेच उभी होते. नितीन रात्री परत आला, सकाळी श्राद्धाला त्यालाच बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, माझी सकाळची शाळा. मी लवकर बाहेर पडले. सातच्या ठोक्याला नितीनच्या मोबाइलचा गजर झाला आणि त्याने पार्सलला सुई दिली. अगदी वेळेवर. ताट आई देईल असं तो धरून चालला. आईने काय धरलं? तर श्राद्धाच्या दिवशी आवारात मासळी शिजणार नाही. आणि नैवेद्य होईपर्यंत, पितरांचं पान मांडून कावळ्याने घास घेईपर्यंत त्या घरात कुणीच तोंडात काही घालत नाही. मग कुत्र्याला कसं द्यायचं? कुत्र्याचं पान तर नैवेद्यातच असतं, गाईचं, कावळ्याचं आणि त्याचं. होईल नैवेद्य दहा-अकरापर्यंत, तेव्हा जेवेल पोटभर. पण पंधरवड्यात गुरुजी एक आणि घरं ढीगभर. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. गुरुजींची मोटारसायकल काही आली नाही.

मी शाळेतून आले तेव्हा कुंपणापलीकडे पोफळीखाली पार्सल आडवा पडलेला दिसला. मला वाटलं झोपलाय. मग त्याचे पाय दिसले. झोपेत धावतात तसे चारही पाय हलत होते, तोंडाला फेस, डोळे उघडे. नितीन सोवळं नेसून ओटीवर बसलेला. माई दारात, हातात पंखा. "बघ ना गं, मघापासून असं करतोय. मघाशी भिंतीला धडकत होता. मला वाटतं शालनची ओढ लागलीय त्याला, आज तिची तिथ ना."

"माई, खाल्लं का त्याने सकाळी?"

"नैवेद्याआधी कसं देणार?"

"साखर आणा! साखर!"

"वेडी आहेस का? गोड चालत नाही त्याला. भाऊजी माझा जीव घेतील!"

मी वाद घातला नाही. तशीच आत घुसले, शाळेच्या साडीत, रस्त्याची धूळ लागलेल्या पायांनी, थेट सोवळ्याच्या स्वयंपाकघरात. समोर खिरीचं पातेलं झाकलेलं. झाकण फेकलं आणि त्यात मनगटापर्यंत हात घातला. पाठीमागे माई किंचाळल्या, "बाटवलंस! नैवेद्य बाटवलास!" ओंजळीत जेवढी राहिली तेवढी खीर घेऊन मी धावले. पार्सलचा जबडा उघडला, हिरड्यांना चोळली, जिभेखाली चोळली, बोटांनी चोळत राहिले. वेलदोड्याचा वास येत होता. एकदा त्याची जीभ हलली. माझ्या बोटाला लागली. मग पाय थांबले.

तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली आणि गुरुजी म्हणाले, "जरा उशीरच झाला, नाही का?"

ज्या साखरेपायी आम्ही महिनोन्‌महिने लोकांशी भांडलो, त्या साखरेचा एक चमचा वेळेवर पोटात गेला असता तर तो जगला असता. पातेलंभर खीर हाताच्या अंतरावर निवत होती. अण्णांची वेळ साऱ्या वाडीने पाठ केली, गोड नको हेही पाठ केलं, ताट तेवढं विसरले. आणि गावात चर्चा कशाची झाली? कुत्रं गेलं ह्याची नाही. मास्तरीणबाईने अविधवा नवमीची खीर बाटवली ह्याची. देवळात बायका मला बघून पदर सावरून बसायच्या. मोठी पुण्यवान माणसं! मला अजून राग येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

अण्णा चार दिवसांनी घरी आले. फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. पोटाला पट्टा बांधलेला, एक हात नितीनच्या खांद्यावर. ओटीवर आले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पत्र्याची पाटी खुंटीला लटकत होती. ती बघून ते खाली बसले. एकच प्रश्न विचारला, "ताट दिलं होतं?"

नितीन जमिनीकडे बघत राहिला. माई रडायला लागल्या. "भाऊजी, शालनचा नैवेद्य व्हायचा होता हो. त्याला एकट्याला उपाशी ठेवला असं नका समजू. मीसुद्धा सकाळी गोळी घेऊन उपाशीच होते की!"

हे खरं होतं. त्या नेहमीच तशा असायच्या. प्रत्येक श्राद्धाला, प्रत्येक एकादशीला, गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी, घेरी आली तर भिंतीला धरून. कुत्र्याला त्यांनी स्वतःपेक्षा काही वेगळं वागवलं नव्हतं. म्हणून तर मला त्यांच्यावर नीट चिडताही येत नाही, आणि हे जास्तच चीड आणणारं आहे.

अण्णांनी शिव्या द्याव्यात, भांडावं, तर तेही नाही. माईंशी त्यांनी बोलणं सोडलं. एका ओटीवर दोन टोकांना दोघं, मध्ये खुंटीवर ती पाटी. सकाळची घोषणा बंद झाली. सात वाजता आपोआप माझे कान तिकडे लागायचे आणि काहीच यायचं नाही. एकदा फक्त मला कुंपणापाशी बोलावलं आणि विचारलं, "बाई, खीर त्याच्या जिभेला लागली होती ना?"

"लागली होती, अण्णा."

"गोड कळलं असेल का हो त्याला? इतके महिने नुसता वास घेत बसायचा माझ्या चहाचा. मी देत नव्हतो."

मी हो म्हटलं. मला कसं ठाऊक असणार? पण हो म्हटलं.

वर्ष गेलं. मधल्या काळात माईंची गोळी पुरेनाशी झाली, डॉक्टरांनी त्यांनाही इन्सुलिनवर घातलं. नितीनच सकाळी टोचायचा. हात बसलेला होता त्याचा. पुन्हा नवमी आली. ह्या वेळी श्राद्धाला अण्णा स्वतः बसणार होते. मला त्या घरात यायला बंदी कुणी घातली नव्हती, पण बोलावतही नव्हतं कुणी. अण्णांनी कुंपणावरून हाक मारली, "बाई, शालनच्या पानाला या." म्हणून गेले. स्वयंपाकघरापासून लांब, ओटीच्या कडेला बसले.

गुरुजी उशिराच. उन्हं अंगणात आली तरी पत्ता नाही. माई पानं मांडत होत्या. पान मांडताना त्यांचा हात थरथरायला लागला. वाटी हातातून निसटली. कपाळावर घाम डवरलेला, ओठ पांढरे. "काही नाही, उकडतंय," म्हणत त्या भिंतीला टेकल्या.

अण्णा पाटावरून उठले. वर्षभरानंतर त्या बाईशी ते पहिल्यांदा बोलले.

"वहिनी, सकाळी सुई घेतलीत?"

"घेतली."

"आणि ताट?"

माई हळू आवाजात म्हणाल्या, "नैवेद्य व्हायचाय ना, भाऊजी."

अण्णा आत गेले. सोवळं नेसलेले होते, तसेच चुलीपाशी जाऊन नैवेद्याच्या पातेल्यातून वाटीभर खीर काढली आणि बाहेर येऊन माईंच्या समोर उकिडवे बसले. मुंग्यांची रांग बघायला बसले होते तसेच. चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला.

"अहो, हे काय! शालनचं पान अजून…"

"ती माझी बायको. तिला काय सांगायचं ते मी सांगेन. तोंड उघडा."

माईंनी तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा, तिसरा. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या गिळत होत्या. नितीन दारात खांबाला धरून उभा. हळूहळू हाताची थरथर थांबली. ओठांवर रंग आला. माईंनी अण्णांचं मनगट धरलं आणि विचारलं, "भाऊजी, मला माफ केलंत ना?"

"नाही," अण्णा म्हणाले, आणि पुढचा चमचा भरला. "खा आधी."